चौदा पावलांचा सांबा

पार्सिपनी, न्यू जर्सी
६ ऑक्टोबर १९८५

प्रिय प्रल्हादभावजी,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तुम्ही टेक्ससहून तुमच्या दादांशी फोनवर जे बोललात, ते शेजारच्या इटालियन म्हातारीलाही ऐकू गेलं असावं. भावजी, त्यांचे पाय अडकतात, कान नाही. तुम्ही पडलात भूल देणारे डॉक्टर. तुमचे पेशंट झोपलेलेच असतात, तेव्हा जाग्या पेशंटशी किती मोठ्याने बोलायचं याचा अंदाज नसणार. पण पुढच्या रविवारी जरा हळू.

पार्किन्सनला आता चार वर्षं झाली. हे मोकळ्या खोलीत चालतात, दार आलं की थांबतात. पाय जमिनीला खिळे मारल्यासारखे. बेडपासून बाथरूम चौदा पावलं आणि मध्ये दोन दारं. काल पहिल्याच दारात पंचवीस मिनिटं उभे होते. तेवढ्यात माझं वरण उतू जाऊन थंडही झालं.

आणि आता इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलंय. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांची नर्स घरी येऊन बघणार. बेड ते बाथरूम हे कोणाच्या मदतीशिवाय गेले, तर आठवड्यातून दोनदा घरी येणारी बाई चालू राहील. नाही गेले, तर बाई बंद आणि यांना कायमचं नर्सिंग होम. माझ्या पाठीचे दोन मणके सरकलेत, त्यांना उचलायला मला बंदी आहे, बाईशिवाय मी त्यांना घरी ठेवू शकत नाही. म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा माझा संसार सध्या चौदा पावलांवर उभा आहे. उभा आहे, हीच तक्रार आहे.

लायब्ररीत एका मासिकात वाचलं, की ठेका लावला तर अशी माणसं चालतात. म्हणून मिरजेहून आणलेली तीनतालाची टेप लावली. हे दारात उभे. सोळा मात्रा झाल्या, सम आली, यांनी मान हलवून "वा!" म्हटलं आणि पुढच्या समेची वाट बघत तिथेच राहिले. टेप संपेपर्यंत. मिरजेचा रसिक समेला दाद देतो, समेवर बाथरूमला जात नाही. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

पण परवा एक गंमत झाली. नवी बाई आलीय, झुलमिरा. ब्राझीलची, मिनास नावाच्या प्रांतातली. पंचेचाळिशीची, अंगाने भरभक्कम. ती यांना "सेऊ झागा" म्हणते, म्हणजे जगन्नाथराव. स्वयंपाकघरात तिचा छोटा कॅसेट प्लेअर चालू होता, काहीतरी ढोलबडवं. आणि हे, भावजी, दारातून सरळ बाहेर आले आणि तिला म्हणाले, "बंद करा ते!" झुलमिराने बंद केलं. हे तिथेच थिजले.

दार ओलांडून थिजले. तुम्ही डॉक्टर आहात, याचा अर्थ काय ते कळवा. अतुलला कॉलेजात फोन केला तर तो म्हणाला, "मॉम, दॅट्स सो कूल." त्याच्याकडून एवढंच मिळालं.

तुमची,
सुलभावहिनी


अर्विंग, टेक्सस
२१ ऑक्टोबर १९८५

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

अर्थ एवढाच, की गोळी घेऊन पाऊण तास झाला असेल आणि तिचा अंमल त्याच क्षणी सुरू झाला. श्रेय ब्राझीलला गेलं. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनचं असंच होतं, पेशंट जगला की हात त्यांचा आणि गेला की भूल माझी.

तुम्हाला निराश करायचं नाही. ठेक्याचं थोडं खरं आहे, पण थोडंच. इथल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारलं. तो म्हणाला, काही दिवस चालतं, मग मेंदू त्यालाही सरावतो. प्रयोग करायचाच असेल तर गोळीची वेळ आणि संगीताचा प्रकार दोन्ही लिहून ठेवा. तुम्ही लायब्ररीवाल्या, नोंदी ठेवण्यात मी तुम्हाला काय शिकवणार?

पण नर्सिंग होम हा शब्द तुम्ही शिवीसारखा लिहिता. ती शिवी नाही. तिथे तीन पाळ्यांत माणसं असतात. दमलेलं माणूस घरी जातं आणि ताजं येतं. घरात दमलेलं माणूस घरीच असतं, वहिनी. तीन चांगल्या जागांची नावं सोबत पाठवतोय.

दादाशी हळू बोलेन. खरं सांगायचं तर त्याच्याशी काय बोलावं सुचत नाही, म्हणून आवाज वाढतो.

तुमचा,
प्रल्हाद


पार्सिपनी
१७ नोव्हेंबर १९८५

प्रिय भावजी,
आशीर्वाद.

तीन नावं मिळाली. त्यातल्या एकाच्या माहितीपत्रकावर बदकांचं तळं आहे. बदकं बघायला पेशंट तळ्यापर्यंत कसे जातात ते छापलेलं नाही.

तुमच्या सांगण्यावरून नोंदी ठेवल्या. कुठल्या कुठल्या गावांच्या लायब्ररींतून ब्राझीलच्या रेकॉर्डी मागवल्या. पन्नाशीची बाई, साडीवर स्वेटर, हातात कार्निव्हलची रेकॉर्ड आणि तिच्या कव्हरवरच्या बायकांच्या अंगावर पिसांखेरीज काही नाही. माझी बॉस म्हणाली, "सुलभा, इज एव्हरीथिंग ऑल राइट ॲट होम?" तुमच्या दादांनी कव्हर बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यांना थंडी नाही वाजत?"

सुरुवात केली बोसा नोव्हाने. झोपलेलं बाळ उठू नये अशा बेताने कोणीतरी गातं, सोबत गिटार. हे खुर्चीत मिटून बसले ते बसलेच. झुलमिरा म्हणाली, "दोना सूला, ते समुद्राकाठच्या श्रीमंत पोरांचं. फ्लॅटमध्ये शेजारी ओरडतात, म्हणून हळू गातात." तिने स्वतः तिशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. इथे मात्र जो तो तिला विचारतो, रिओची का? आपल्याला विचारतात ना, ताजमहालाजवळ राहता का?

मग शोरो. बासरी, मँडोलिनसारखं एक वाद्य आणि त्यांची एकमेकांवर कुरघोडी. हे खूश! "याला म्हणतात तयारी. ती जागा परत लाव." परत लावली. चार वेळा. पाय एक इंच हलला नाही. त्यावरून मला नियम सापडला, भावजी. ज्याला दाद द्यावीशी वाटते, त्यावर हे चालत नाहीत. विनयना हे कसं समजवायचं? मराठी मंडळाच्या दिवाळीत भेटले, अध्यक्ष आहेत यंदा. म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे एवढी नाट्यपदं असताना हे काय रानटी? संस्कार म्हणून काही आहे की नाही?" मी म्हटलं, "विनय, नाट्यपद लावलं तर ते बाथरूमला जायचंच विसरतात. मग संस्कार मला धुवावे लागतात." त्यांनी करंजी घेतली नाही.

फ्रेव्हो फार वेगाचा निघाला. नुसते बिगुल, आणि नाचणारे हातात छोट्या छत्र्या घेऊन उड्या मारतात म्हणे. यांची पावलं बारीक बारीक आणि भराभर पडायला लागली, धड पुढे आणि पाय मागे. मी कमरेचा पट्टा धरला म्हणून वाचले. तो बंद.

आणि मग सांबा. एक मोठा ढोल असतो, सुर्दू. एक-दोन, एक-दोन, पण जोर दोनवर. पहिला ठोका हलका, दुसरा पोटात बसणारा. तुमचे दादा दारात उभे, झुलमिराने टेप लावली. कपाळाला आठी. "हे काय? सम कुठाय?" ठोका. "दुसऱ्यावर जोर? ही कुठली पद्धत?" ठोका. "अहो, हे उलटं वाजवताहेत, सांगा त्यांना कोणीतरी!" आणि सांगायला निघाले, भावजी! दार ओलांडून! मध्येच एक वाद्य कुत्र्याचं शेपूट दारात सापडल्यासारखं किंचाळतं, त्यावर आणखी दोन पावलं पडली.

समेची वाट बघत थांबणारा माणूस सम सापडेना म्हणून चालू लागला. दहा दिवसांत पहिलं दार सात वेळा. दुसरं अजून नाही. सात वेळा! तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला माझा नमस्कार सांगा.

सुलभावहिनी


अर्विंग
२ डिसेंबर १९८५

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

पत्र वाचून तुमच्या जाऊबाईंनी, नंदाने देवापुढे साखर ठेवली. मी नाही ठेवली. तुम्ही रागावाल, पण एका दाराने घर होत नाही.

फ्रेव्हो बंद करावा लागला, तसा सांबाही एक दिवस बंद पडेल. राग हे इंधन चांगलं, पण रोज एकाच गोष्टीचा राग माणसाला येत नाही. आणि तुम्ही फार जोरात पळताय, वहिनी. तुमच्या पत्रात आता तुम्ही दिसतच नाही. नुसते दादा आणि ढोल. झोपता किती? पाठ कशी आहे? दमलात की खोलीतून बाहेर जा. त्याला राहू दे उभा. उभा राहून कोणी मरत नाही.

नर्सिंग होमचे फॉर्म पाठवलेत. भरून ठेवायला हरकत नाही. अण्णांनाही हाच आजार होता. वडिलांचा तो खेळ मी मिरजेत शेवटपर्यंत पाहिला आहे. दादाने पाहिला नाही, तुम्हीही नाही. तुम्ही दोघं तेव्हा अमेरिकेत होता. म्हणून सांगतो.

प्रल्हाद


पार्सिपनी
९ जानेवारी १९८६

प्रिय भावजी,

पत्राला उशीर झाला. २९ डिसेंबरला हे पडले. कपाळाला अकरा टाके. कार्पेटच्या कडेला पाय अडकला. हाड मोडलं नाही, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून सोडलं.

तेव्हापासून पहिलं दारही गेलं. सांबा लावला की डोळे मिटून घेतात. झुलमिरा ख्रिसमसपासून आलेली नाही, एजन्सीने तिला दुसऱ्या घरी पाठवलंय. तिच्या जागी एक मुलगी येते ती टीव्ही बघते.

फॉर्म अर्धे भरलेत. "पेशंटच्या आवडीनिवडी" या रकान्यात काय लिहावं कळेना, तिथे थांबलेय.

फोन करू नका. मी उचलणार नाही.

सुलभा


अर्विंग
१६ जानेवारी १९८६

ती. वहिनीस,

फोन केला नाही. लिहितोय.

तुमच्या घरी मी तीनदा राहिलोय. कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे. त्याला कड नाही.

मी तुम्हाला काही विचारत नाही. माझं सांगतो. हे मी नंदालाही सांगितलेलं नाही.

अण्णा मोरीत ओल्या फरशीवर घसरून पडले, असं मी तुम्हाला १९६७ साली कळवलं. दादाला तार केली, मग सविस्तर पत्र लिहिलं. त्या पत्रात ओली फरशी मी इतकी छान रंगवली होती, की पुढे मलाच ती दिसायला लागली. फरशी कोरडी होती. अण्णा मोरीच्या दारात उभे होते. चाळीस मिनिटं. तेव्हा या गोळ्याही नव्हत्या. मी सव्वीस वर्षांचा, हॉस्पिटलात नवा लागलेला, आठ वाजता ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. चार वर्षं मी त्यांना उचलत होतो, धूत होतो, भरवत होतो. मी मागे उभा होतो. म्हटलं, "अण्णा, चला." ते म्हणाले, "हो, हो." पाय हलेना. परत म्हटलं. परत "हो, हो". मग मी ढकललं.

जोरात नाही, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगतोय. खुब्याचं हाड मोडायला जोर लागत नाही, हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे. सतरा दिवसांनी गेले. त्या सतरा दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अण्णा म्हणत, "प्रल्हाद होता म्हणून." प्रत्येकाला.

मी दारात उभं राहिलेल्या माणसाला बघू शकत नाही. तुमच्याकडे दोन वर्षं आलो नाही, ते कामामुळे नाही.

मला दादा घरी नको आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. मला तुम्ही माझ्या जागी नको होतात.

हे पत्र दादाला वाचून दाखवू नका.

प्रल्हाद


पार्सिपनी
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय प्रल्हादभावजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी प्रथम रडले, मग जेवले. दोन्ही बऱ्याच दिवसांनी.

हो. ढकललं.

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर बर्फ, अतुल सुट्टीला येतो येतो म्हणून आला नव्हता. सांबाची टेप दोनदा संपून गेली होती. यांचा पायजमा ओला झाला, मी बदलला, आणि नवा पायजमा घालून परत तेच दार, परत उभे. मी म्हटलं, "चला ना हो." म्हणाले, "येतोय." अत्यंत शांतपणे. भावजी, त्या "येतोय"ने माझं डोकं फिरलं. अठ्ठावीस वर्षं मी "येतोय" ऐकतेय, ऑफिसातून, गॅरेजमधून, गाण्याच्या बैठकीतून. माझे हात माझ्या आधी गेले.

इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टरने मला बाहेर थांबवून यांना एकट्याला विचारलं, कसे पडलात? पडद्याआडून मला ऐकू आलं. "आय ट्रिप्ड ऑन द कार्पेट." म्हणजे कार्पेटची कड माझी नाही, तुमच्या दादांची. मी तुम्हाला लिहिताना ती फक्त उसनी घेतली. आमच्यात त्यावर एक शब्द झालेला नाही.

आता दुसरं. झुलमिरा परत आली. एजन्सीकडे भांडून आली. तिने टाके पाहिले, माझ्याकडे पाहिलं, मला बसवून कॉफी दिली आणि स्वतःच्या पिशवीतून दुसरीच टेप काढली. फोहो. आपली पेटी उभी करून छातीला बांधली तर जसं वाद्य होईल तसं ॲकॉर्डियन, एक ढोल आणि एक साधा लोखंडी त्रिकोण, तो चिमट्यासारखा किणकिणतो. वाळवंटी दुष्काळी मुलखातलं हे नाचगाणं, कामासाठी शहरांत आलेल्या लोकांनी सगळीकडे नेलेलं. ती म्हणाली, "दोना सूला, माझी चूक झाली. सांबा एकट्याचा असतो. फोहो एकट्याने होतच नाही."

आणि तिने तुमच्या दादांना सरळ मिठी मारली! एक हात त्यांच्या पाठीवर, एक हात हातात, गाल गालाशी. यांचा चेहरा पोलिसांनी धरल्यासारखा. दोन पावलं या बाजूला, दोन त्या बाजूला, तिथल्या तिथे. मला, कबूल करते, तिचा राग आला. परक्या बाईच्या खांद्यावर माझ्या नवऱ्याची मान इतकी निवांत टेकलेली पाहून. तिला कळलं असावं. तिने त्यांना उचलून माझ्या हातात दिलं.

"सुलभा, लोक बघतील," हे म्हणाले.

"कुठले लोक? बाहेर सहा इंच बर्फ आहे."

"ही बाई बघतेय."

"ती ब्राझीलची आहे. तिच्या दृष्टीने आपण अजून सुरुवातच केलेली नाही."

मी आयुष्यभर यांच्या मागून चालत आले, देवळात, विमानतळावर, ऑफिसच्या पार्ट्यांत. आता मी पुढे, आणि तीही उलटी, तोंड यांच्याकडे. दार आलं. थांबले. पण थांबलो तरी दोघं डुलतच होतो, वजन या पायावरून त्या पायावर, आणि मध्येच कधीतरी तो पाय सुटला. भावजी, दोन्ही दारं. चौदा पावलं. बाथरूममध्ये पोचल्यावर कशासाठी आलो होतो ते दोघांनाही आठवेना.

पण नियम आहे, मदतीशिवाय. मी म्हणजे मदत. परीक्षा २८ तारखेला, शुक्रवारी. सव्वीस दिवस. काय करू?

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलेलं नाही. इतर पत्रं दाखवते, हे नाही.

सुलभावहिनी


अर्विंग
१० फेब्रुवारी १९८६

ती. सौ. वहिनीस,
सा. न.

नियम दोनदा वाचला. "दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीशिवाय." टेपरेकॉर्डर व्यक्ती नाही. तेव्हा फोहोने त्याची भीती मोडा आणि सांबाने त्याला एकटा चालवा. परीक्षेला सांबा. गोळी पाऊण तास आधी, एक मिनिट इकडेतिकडे नको.

मी हरलो, असं समजा. नंदा विचारते, रोज संध्याकाळी तू टेबलावर बोटांनी काय वाजवतोस? दुसऱ्यावर जोर.

तुमच्या पत्रातल्या पहिल्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. आता आपण दोघं आहोत, एवढंच.

प्रल्हाद


पार्सिपनी
२ मार्च १९८६

प्रिय भावजी,

झालं नाही.

गेल्या पंधरा दिवसांत एकूण चौदा वेळा प्रयत्न केला, त्यात अकरा वेळा हे एकटे गेले. सांबावर, दोन्ही दारं, भिंतीला हात न लावता. गुरुवारी तर बाथरूममध्ये पोचून म्हणाले, "आता सवय झाली. यांची सम दुसऱ्यावरच बरी वाटते." मी रात्री शेवया केल्या.

शुक्रवारी नर्स आली. भली बाई, बूट दाराशी काढून ठेवले. मी स्वयंपाकघराच्या खुर्चीवर, बोटं एकमेकांत अडकवून. झुलमिराने बटण दाबलं. हे उठले, पहिल्या दारापर्यंत छान आले, आणि थांबले.

ढोल चालू. तीन मिनिटं. पाच. मान खाली, नजर पायांवर. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सात मिनिटं झाली तेव्हा नर्सने पेनाचं टोपण काढलं. मला ते टोपण काढणं सहन झालं नाही. उठले, समोर गेले आणि धरलं त्यांना. झुलमिराने टेप बंद केली आणि तोंडानेच फोहो गायला लागली, टाळ्या वाजवत. परक्या गोऱ्या बाईसमोर, गालाला गाल लावून, मी उलटी चालले. एकही पाऊल अडलं नाही. नर्सने डोळे पुसले. पुसून झाल्यावर लिहिलं, "एका व्यक्तीच्या मदतीची गरज."

सोमवारी, १७ मार्चला, बदकांच्या तळ्याच्या जागी जायचंय.

चूक माझी आहे. दहाच्या परीक्षेसाठी गोळी सव्वानऊला द्यायची ती मी नर्स लवकर आली तर म्हणून नऊला दिली. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांनी मी त्यांना घराबाहेर काढलं. ढकललं तेव्हा ते घरातच पडले होते. हे त्याहून वाईट आहे. रोज उठून मी घड्याळाकडे बघते आणि नऊ वाजले की मला शिसारी येते.

तुम्ही याल का?

सुलभा


पार्सिपनी
लिहायला घेतलं ६ मार्च, संपलं ११ मार्च १९८६

चि. प्रल्हादास,
आशीर्वाद.

अक्षर मुंगीएवढं आहे, भिंग घेऊन वाच. हे पत्र झुलमिरा टाकेल. सुलभाला माहीत नाही आणि होऊ नये.

तुझं जानेवारीचं पत्र मी वाचलं. सुलभाने ते एका रेकॉर्डच्या कव्हरात ठेवलं होतं. माझे हात कापतात, पण दिवसभर रिकामे असतात.

मला तुझा राग आला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मला माझी पत्रं आठवली. तू चार वर्षं अण्णांना उचलत होतास आणि मी इथून दर महिन्याला लिहीत होतो, "अण्णांची काळजी घे." पाकिटावर सुंदर तिकिटं लावायचो. अण्णांच्या अंगाला माझा हात त्या चार वर्षांत लागला नाही. ढकलायलासुद्धा माणूस जवळ असावा लागतो, प्रल्हाद. तू होतास.

आता शुक्रवारचं. गोळी ठीक होती. पाय मोकळे होते. मी उचलले नाहीत.

सुलभा पन्नासची आहे. मी अजून दहा वर्षं दारांत उभा राहू शकतो, आमच्याकडे माणसं चिवट. यातल्या एखाद्या सकाळी ती पुन्हा दमेल, आणि तेव्हा कार्पेटवर निभावणार नाही. मग ती तुझ्यासारखं पत्र कोणाला तरी एकोणीस वर्षांनी लिहील. मला ते नको. मी हे तिला सांगितलं असतं तर तिने मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. तू तिला ओळखतोस.

उभं राहणं फार कठीण गेलं. ढोल वाजत होता, दुसऱ्या ठोक्याला पाय आपोआप निघत होता. मोज्यांत बोटं दाबून धरली. चार वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः ठरवून थांबलो होतो. मग ती उठून आली. ते माझ्या डोक्यात नव्हतं. तिने धरल्यावर मला थांबता आलं नाही. त्यातलं एकही पाऊल खोटं नाही.

तू डॉक्टर आहेस. गोळीच्या वेळेचा काही संबंध नाही, असं तिला पटव. शास्त्रातलं काही जड सांग. बाकी कधीही सांगू नकोस.

सतराला सकाळी ये. गाडीचं दार अरुंद आहे, मी तिथे थांबेन. सुलभा समोरून धरेल. तू माझ्या मागे उभा राहा.

दादा